इस्पिक नाही, पार्टनर?

बर्गनच्या बंदराजवळच्या ब्रिज क्लबात दुपारी वॉफल भाजल्याचा वास सुटला, की रागनाला हमखास भूक लागायची. आज लागली नाही. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. इस्पिक आणि किल्वर दोन्ही काळी, हातात धरली की एकमेकांत मिसळून जायची. हे तिने कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. देशाची विजेती, वर्तमानपत्रात दर शनिवारी ब्रिजवर लिहिणारी बाई, आणि मागितलेला रंग हातात असताना तिनेच भलतं पान टाकलं तर? त्या दिवशी पत्ते आणि लेखणी दोन्ही खाली ठेवायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि आज तर अंतिम सामना.

आपलं जे काही नाव झालं ते बोर्गिलमुळे, हे मात्र ती चारचौघांत सांगायची. बोर्गिल तिची जन्माची जोडीदार. गेल्या वसंतात वारली. रागनाने तिच्या थडग्याच्या दगडावर 'धन्यवाद, पार्टनर' एवढंच कोरून घेतलं. ब्रिजमध्ये जोडीतला एकच खेळतो. दुसरा, म्हणजे डमी, आपली पानं टेबलावर उघडी मांडतो, आणि पानं कितीही भिकार असली तरी त्याला धन्यवाद म्हणायचे असतात. मग डमीने गप्प बसायचं. जोडीदार चुकू नये म्हणून एवढंच विचारायचं, अमुक रंग नाही ना? बोर्गिल ते विचारायला कधी विसरली नाही.

चुकायची ती मांडणीत. हुकमाची पानं डमीच्या उजवीकडे हवीत, ही डावीकडे मांडायची. रागनाने सदरातून तिची किती टिंगल केली.

"तू उजव्या हाताने खेळतेस ना?" बोर्गिल म्हणायची. "मग तुझ्या हाताशी ठेवते. तू लिही काय लिहायचं ते."

आता समोर एयविन बसायचा. चाळिशीचा, भारी शिस्तीचा. शेवटच्या डावात बदाम हुकूम झाले. एयविनने पानं मांडली, हुकूम अगदी नियमाप्रमाणे, रागनाच्या डाव्या हाताला.

"धन्यवाद, पार्टनर," रागना म्हणाली.

"कॉफी आणतो, रागनाबाई. इथे बसून जीव टांगणीला लागतो."

खुर्ची रिकामी झाली. रागना दोघांची पानं खेळू लागली. हात आपसूक जात होता, हुकूम शोधावे लागत नव्हते. तिला बरं वाटलं. वॉफलचा वास मात्र कधी गेला कळलं नाही. आता ओल्या लोकरीचा वास येत होता. बोर्गिलच्या स्वेटरला असाच यायचा.

डावीकडे बसलेल्या प्रतिस्पर्धी हालवारने इस्पिकची उतारी केली. रागनाने पानं डोळ्यांजवळ नेली. इस्पिक संपलेली दिसली. तिने बदामाची तिर्री उपसली.

"इस्पिक नाही, पार्टनर?"

हात जागच्या जागी थांबला.

तिने पुन्हा पाहिलं. किल्वरांच्या मधोमध इस्पिकची पंजी होती.

तिने तिर्री परत ठेवली, पंजी टाकली. हालवार रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. बोर्गिलविरुद्ध त्याचं सगळं आयुष्य खेळण्यात गेलं होतं.

"ऐकलंस?" रागनाने त्याला विचारलं.

"खेळ तू," तो म्हणाला. नजर अजून खुर्चीवरच होती.

उरलेले सगळे हात तिचेच होणार होते. तिने पानं उघडी केली, हालवारने मान हलवली. सामना जिंकला. रागनाचे डोळे भरून आले.

"धन्यवाद, पार्टनर," ती समोर बघून म्हणाली. "पान हातातून निघालंच होतं गं. तू माझी लाज राखलीस. शनिवारी लिहिते, हा शेवटचा डाव म्हणून."

एयविन कप घेऊन आला आणि टेबलाकडे बघत राहिला. उरलेले बदाम रागनाच्या उजव्या हाताशी, नीट एकाखाली एक होते.

"माझे हुकूम या बाजूला कुणी आणले?"

"आम्ही नाही," हालवार म्हणाला.

एयविनने कप ठेवले, बसायला खुर्ची ओढली. सरकेना. दोन्ही हातांनी ओढली.

"थांब जरा," रागना हळूच म्हणाली. "तिला उठू दे."

तो थांबला. मग खुर्ची एका बोटाने सरकली.