चँडलरमधला पिंपळ

रामभाऊ रंगारी चालत आले, यावरूनच प्रकरण साधं नाही हे मोरेश्वर फडणीसांनी ओळखायला हवं होतं. सत्त्याण्णवचा सप्टेंबर, सकाळचे अकरा, पारा एकशे चार फॅरनहाइटवर. अमेरिकेच्या वाळवंटातल्या चँडलरमध्ये अशा वेळी गाडी बंद पडल्याशिवाय कोणी पायी दिसत नाही.

मोरेश्वर घरं विकत. तीन वर्षांत कापसाची शेतं उठून तिथे एकाच मातकट रंगाच्या घरांच्या रांगा लागल्या, आणि त्यातली एकेचाळीस घरं त्यांनी आपल्या माणसांच्या गळ्यात मारली होती. कोणाकडे किती बेडरूम आणि त्यातल्या किती भांडणामुळे वापरात, हे त्यांना तोंडपाठ. रिकाम्या वेळी ते पद्मिनी कर्णिकांच्या ऑफिसात बसत, कारण तिथला एसी चांगला होता. पद्मिनीबाई पूर्वी इन्शुरन्स कंपनीसाठी खोटे क्लेम पकडत. आता लायसन्स काढून खाजगी तपास करत.

रामभाऊंनी रुमाल सोडला. आत वाळकी पानं होती, कडांना जळलेली.

"जय भीम, बाई. खून झाला आहे."

"कोणाचा?"

"झाडाचा."

मोरेश्वरांना हसू आलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

रामभाऊ नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. बायको गेली, तेव्हा गेल्या हिवाळ्यात मुलाकडे कायमचे आले. लॉस एंजेलिसच्या विहारातल्या भंतेजींनी त्यांना बोधिवृक्षाचं वीतभर रोप दिलं. फेब्रुवारीत ते दारासमोर लावलं. मेपर्यंत कमरेला लागलं. जुलैत पानांच्या कडा करपल्या आणि आता नुसती काडी उरली होती.

"मातीत मीठ आहे. मी चाखून पाहिलं," रामभाऊ म्हणाले. "आणि माह्या पोराच्या गॅरेजमध्ये मिठाची चार पोती आहेत. विचारलं, तर म्हणे मशीनला लागतं. मशीनचा तर प्लगच काढलेला! बारा दिवस झाले, मी रवीशी बोललो नाही. गुरुवारचं तिकीट आहे. परत यायचं नाही."

"सगळं ठरलंय, मग माझ्याकडे कशाला आलात?"

म्हातारा पानांकडे बघत राहिला. "खात्री पाहिजे. बाप आहे ना."

मोरेश्वरांच्या गाडीतून तिघं रवीच्या घरी पोचले. पद्मिनीबाईंनी पर्समधून चमचा काढला आणि त्या झाडाच्या आळ्याशी उकिडव्या बसल्या. मातीवर पांढरी खपली धरली होती. खरवडत गेल्या, तर पांढरेपणा वीतभर खोल, सगळीकडे सारखा. आळ्याबाहेर कण नाही. चार पावलांवर बोगनवेल फुलांनी लाल झाली होती. तिच्या मुळाशी बारीक काळी नळी ठिबकत होती.

"ही वेल कधी लावली?"

"त्याच दिवशी. तिला बाहेरच्या नळाचं पाणी आपोआप जातं," रामभाऊ म्हणाले.

पद्मिनीबाईंनी बाटलीतलं पाणी आळ्यात ओतलं. ते मुरेना. फरशीवर सांडल्यासारखं वर थांबून राहिलं.

शेजारच्या मिसेस डॉसन वसाहतीच्या कमिटीच्या सेक्रेटरी. झाड वसाहतीच्या मंजूर झाडांच्या यादीत बसत नाही, अशी तीन पत्रं त्यांनी पाठवली होती.

"मारायचंच असतं, तर चौथं पत्र पाठवलं असतं," त्या दारातूनच म्हणाल्या. "रात्री मीठ टाकत हिंडायला माझे गुडघे कुठे आहेत? आणि हे गृहस्थ तर रोज पहाटे पितळी भांडं घेऊन बाहेर. पायाशी बाहेरच्या नळाचा होज पडलेला, तरी आतून पाणी आणणार. पाच खेपा! एक दिवस चुकले नाहीत."

परतताना मोरेश्वरांनी विचारलं, "का हो रामभाऊ, होज काय वाईट?"

रामभाऊ वाळक्या काडीपाशी थांबले.

"माझ्या लहानपणी गावच्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. पाटलाचा गडी वरून ओतायचा आणि आई खाली ओंजळ धरायची. कधी ओतायचा, कधी नाही. तेव्हा मी ठरवलं, माझ्या दारात जे कोणी असेल, त्याला मी पितो तेच पाणी. ढोराला, माणसाला, झाडाला. स्वयंपाकघरातलं."

मोरेश्वरांनी मान हलवली.

आत रवीची बायको उपासना चहा करत होती. पद्मिनीबाई तिच्याजवळ उभ्या राहून चक्क तुरीच्या डाळीची चौकशी करू लागल्या.

"काय सांगू मावशी! या घरात आलो तेव्हा डाळ शिजायचीच नाही, पाणीच जड. मग जूनपासून एका शिटीत लोणी! साबणाला फेस पण इतका की धुता धुवेना. आणि आता दोन आठवडे पुन्हा तीच रड. आज तर तीन शिट्या झाल्या, डाळ तशीच."

मोरेश्वर गॅरेजमध्ये गेले. पाणी मऊ करायचं मशीन हीटरशेजारी उभं होतं. असलं मशीन ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सुचवत. जवळ मिठाची चार पोती, एक उघडं. प्लग खरंच काढलेला.

जेवणाच्या सुट्टीत रवी आला. चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, पण उभा होता शिक्षा झालेल्या पोरासारखा. रामभाऊंनी त्याच्याकडे पाठ केली.

"मीठ तुम्ही टाकलंत?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"बाबा म्हणतात ना? मग तसंच लिहा, मावशी."

"प्लग कधी काढला?"

"दोन आठवडे झाले."

"का?"

मोरेश्वर पद्मिनीबाईंच्या कानाशी लागले. "झालं की! पोरगं कबूल आहे."

"कबूल कुठे आहे, मोरेश्वरराव? तो फक्त नाही म्हणत नाहीये. सगळे बसा."

सगळे बसले. पद्मिनीबाई मात्र उभ्याच होत्या.

"चोरून मीठ टाकणारा घाईत असतो, चार दाणे बाहेर सांडतातच. इथे आळ्याबाहेर कण नाही. आत मात्र वीतभर खोल, सगळीकडे सारखं. म्हणजे मीठ पोत्यातून पडलं नाही. पाण्यातून आलं, रोज थोडं थोडं."

"पाण्यातून?" रामभाऊ वळले.

"या वाळवंटातलं पाणी जड. मशीन त्यातला चुना काढून घेतं आणि बदल्यात मिठातला क्षार सोडतं. माणसाला त्याचं काही होत नाही, डाळ तर छान शिजते. जूनमध्ये मशीन बसलं आणि डाळ शिजायला लागली, जुलैत पानं करपली. बाहेरच्या नळाला मशीन जोडलेलं नाही, म्हणून बोगनवेल जगली. एवढ्या उन्हात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. माती अशी आवळते की पाणी मुरतच नाही. मीठ मशीननं खाल्लं, रामभाऊ. आणि झाडापर्यंत ते..."

त्या थांबल्या. पुढचं वाक्य इन्शुरन्सच्या रिपोर्टात त्यांनी शंभरदा लिहिलं असेल. इथे जीभ रेटेना.

"मावशी, पुरे," रवी पटकन म्हणाला. "मीच टाकलं. लिहून देतो."

"बस खाली. दोन आठवड्यांपूर्वी तुला हे कळलं, म्हणून तू प्लग काढलास. उशीर झाला होता. त्यानंतर तू बापाच्या शिव्या खात राहिलास, आणि गुरुवारी त्यांना विमानातही बसवणार होतास. मी गप्प बसले असते, पण त्यांनी मला खात्रीसाठी आणलंय. पोराला दोषी मानून ते गेले असते, तर झाडाबरोबर तूही गेला असतास."

रामभाऊंनी आपले दोन्ही तळवे उघडून पाहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

"मी," ते म्हणाले. "रोज पाच तांबे."

"रवी." बारा दिवसांनी हाक आली. "काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा कुठल्या झाडाला पाणी घातलं नसतं, बाबा." रवीचा आवाज फाटला. "माझ्यावर राग धरून तुम्ही जगला असता. स्वतःवर धरून कसे जगणार होता?"

मोरेश्वर खिडकीबाहेर बघू लागले. एकेचाळीस घरांत त्यांना असा हिशेब सापडला नव्हता.

रामभाऊ खुर्चीचे हात धरून उठले. मुलाजवळ गेले. खांद्यावर हात ठेवतील असं वाटलं. त्यांनी ठेवला नाही.

"चल. ते मशीन उघडून दाखव मला."

दोघं गॅरेजमध्ये गेले. दार उघडंच राहिलं. मग पान्याचा खणखणाट, मग म्हाताऱ्याचा प्रश्न, मुलाचं उत्तर, पुन्हा प्रश्न.

"उपासना!" रामभाऊंची हाक आली. "त्या एअरलाइनला फोन लाव."

"काय सांगू, बाबा?"

आतला आवाज थांबला. उपासना रिसीव्हर हातात धरून उभी होती.

"सांग, म्हातारा येत नाही म्हणावं."