राखेपेक्षा खोल चेहरा

नाण्यावर चेहराच उरला नसेल, तर ते नाणं कोणाचं?

साल २०७१. तेर गावातल्या टळटळीत दुपारी हा प्रश्न केतकीच्या मानगुटीवर बसला होता. तेरणा नदीच्या काठी तिला चांदीचं एक काळंकुट्ट नाणं सापडलं. त्यावर एका बाईचा पुसट चेहरा होता, अगदी शपथेवर! पण काळं दिसलं की घासायचं, ही घरची सवय. केतकीने चिंच चोळली, राख चोळली आणि देवाच्या तांब्यासारखं नाणं लख्ख केलं. नाणं चमकलं आणि बाई गेली.

फिरत्या संग्रहालयाच्या गाडीतला यंत्रमानव पारखी नाणं उलटसुलट करून म्हणाला, "कोरी चकती. संग्रहात जागा नाही. गाडी चार वाजता निघेल."

"कोरी कशी? हिच्यावर बाई आहे!"

"पुरावा?"

पुरावा तर मोरीतून वाहून गेला होता.

गाडीच्या सावलीत तिचे आजोबा, धातुशास्त्रज्ञ निवृत्तीआबा, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. "चंद्रावरच्या कारखान्यात असताना माझं एक नाणं इतकं झिजलं, की खिशात नुसतं त्याचं भोक उरलं. मी ते भोकसुद्धा वाचलं!"

"आबा, थापा पुरे. कसं वाचायचं ते सांगा."

"ते नाही सांगणार. नाणं पाडायचं कसं, तेवढं सांगतो. चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून घण. धाड! पुढचं तुझं तू बघ."

धाड! हा दणका नुसता वरच्या वर बसतो, की आत जातो? केतकीने खोक्याची मऊ फळी आणली, तिच्यावर किल्ली ठेवली आणि हातोडा हाणला. किल्लीचा खळगा उमटला. मग तो दिसेनासा होईपर्यंत तिने फळी काचकागदाने घासली. तळहात लाल झाले. फळी सपाट, कोरी.

"झालं समाधान?" आबा म्हणाले.

"नाही." तिने गार पाणी ओतलं. काहीच नाही. साडेतीन वाजले होते. ती घरात धावली, उकळतं पाणी आणलं आणि जपून ओतलं. फळी हळूहळू फुगली, आणि किल्लीच्या जागी चक्क उंच उठलेली किल्ली दिसू लागली!

"आबा! वरचा खळगा गेला, पण खालचं लाकूड दबलेलंच होतं. पाणी प्यायल्यावर तेच जास्त फुगलं. माझ्या राखेनं नाण्याचं वरचंच पुसलं असेल. दणका अजून आत असणार!"

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "शाब्बास गं! धातू पाणी पीत नाही, पण त्याच्या आत स्फटिक (शिस्तीत रांगा लावून बसलेले अणू) असतात. घणाखाली त्या रांगा वाकड्या होतात. चेहऱ्याच्या जागी एक तऱ्हा, मोकळ्या जागी दुसरी. क्ष-किरण विवर्तनाने (रांगांवर आपटून विखुरलेले किरण मोजून) ते वाकडेपण कळतं."

"माझ्याकडे ते यंत्र आहे," पारखी म्हणाला.

"मग मघाशी का नाही वापरलंस, शहाण्या?"

"कोऱ्या चकतीवर वापरायचा नियम नाही."

"माझी ही फळीपण कोरीच होती. बघ आणि वापर!"

पारखीने नाणं यंत्रात ठेवलं. पडद्यावर आधी नुसते ठिपके आले. मग नाक, मग हनुवटी, मग वेण्या गुंडाळून टाळूवर बांधलेला डौलदार अंबाडा. पारखीने तो जगभरच्या संगमरवरी पुतळ्यांशी ताडून पाहिला.

"फाउस्तिना. रोमचा सम्राट अंतोनिनस पायस याची राणी. ती वारल्यावर त्याने तिच्या नावाने देऊळ बांधलं. त्याचे खांब रोममध्ये अजून उभे आहेत. आणि तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली. तेव्हा तेरचा रोमशी व्यापार चालायचा."

"म्हणजे लोकांनी तिला विसरू नये, म्हणून?" केतकीचा आवाज बारीक झाला. "आणि मी तिलाच घासलं."

"पुन्हा घासू नकोस म्हणजे झालं," आबा म्हणाले. "पण नाणं पाडणाऱ्यांचा घण तुझ्या राखेपेक्षा खोल गेला होता. आता विचार कर, जगात अशी किती पुसलेली नाणी 'कोरी' म्हणून पडून असतील!"

"नोंद बदलली," पारखी म्हणाला. "शोधणारी आणि ओळख पटवणारी: केतकी. चार वाजले. गाडी निघते."

केतकी गाडीच्या दारातच आडवी उभी राहिली.

"थांब. अजून नाण्याची मागची बाजू राहिलीय."