एक टेंडन धड होतं

"आत्या, हातातलं काम टाक आणि खाली ये. फ्रीजर बंद आहे. सगळं वितळलंय."

फोन कट झाला. बातमीबाईंनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि जिन्याकडे धाव घेतली.

विद्यापीठाच्या हाडं आणि स्नायूंवर संशोधन करणाऱ्या त्या केंद्रात बातमीपत्र काढायचं काम त्यांच्याकडे होतं. कोणाचं संशोधन छापून आलं, कोणाला बक्षीस मिळालं, कुठला निधी खुला झाला आणि अर्ज कधीपर्यंत करायचा, हे सगळं त्यात असायचं. वाचायचे सगळेच. माहिती मात्र वेळेवर देईल तर शपथ! दहादा आठवण करावी तेव्हा कुठे "अरे हो, राहिलंच की" असं उत्तर यायचं. बाईंचा निम्मा जन्म त्या 'राहिलंच की'मध्ये गेला होता.

तळमजल्यावरच्या फ्रीजरपुढे त्यांची भाची उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी जी पांढरी दोरी असते, ते टेंडन. तुटलेलं टेंडन टाके न घालता जोडणारं एक जेल भाचीने पाच वर्षं खपून बनवलं होतं. जोडलेली मेंढीची टेंडनं सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून तिने फ्रीजरमध्ये ठेवली होती. आज दुपारी निधी देणारी समिती येणार होती. समितीसमोर मशीन ती टेंडनं ताणून दाखवणार होतं. जोड टिकला तर भाचीला स्वतःचा निधी मिळणार होता. नाहीतर महिनाअखेर तिची नेमणूक संपणार होती आणि जेलही कपाटात जाणार होतं, कायमचं.

"रात्रभर बंद होता. ही टेंडनं आता चाचणीला चालणार नाहीत," ती म्हणाली. "प्लग काढलेला होता."

"कोणी काढला?"

"मी सांगतो," मागून आवाज आला. केंद्राचे संचालक, मोठे सर, दारात उभे होते. "सफाईवाल्याने. फरशी घासायचं मशीन लावायला काढला असणार. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय. समितीला मी समजावतो, पुढच्या वर्षी बघू म्हणून. आणि हे सगळं फेकून द्या आता. उघडत बसू नका, वास सुटेल."

पुढच्या वर्षी! भाची तेव्हा असणार होती कुठे? बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण मोठे सर पाठ फिरवून निघूनही गेले होते.

सफाईवाले काका कॉरिडॉरमध्ये मशीनशेजारी बसले होते.

"काका, प्लग तुम्ही काढलात?"

"नाही हो बाई. या मशीनच्या पिना जाड आहेत. मी नेहमी बाहेरच्या सॉकेटला लावतो."

बाईंनी त्या मशीनचा प्लग उचलला आणि स्वतः फ्रीजरच्या सॉकेटला लावून पाहिला. बसेना. उलटा धरला, दाबला. छे! मोठ्या सरांना एवढंही बघायला सवड झाली नव्हती.

म्हणजे प्लग कोणीतरी मुद्दाम काढला होता. काका सोडले तर तळमजल्याच्या किल्ल्या चौघांकडेच होत्या: मोठे सर, भाची, टेंडन ताणायचं मशीन सांभाळणारे तंत्रज्ञ, आणि गुडघ्यांवर संशोधन करतो म्हणून सगळे ज्याला गुडघेबुवा म्हणत तो संशोधक. त्याच निधीसाठी त्यानेही अर्ज केला होता.

बाईंनी आधी त्यालाच गाठलं.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"वर, माझा अर्ज दुरुस्त करत. माझ्यावर संशय घेताय?"

"घेऊ नको?"

"घ्या की! सगळेच घेतील. तिचा जोड समितीसमोर तुटावा असं मला वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी चाचणी तर व्हायला हवी ना? आता काय, बिचारी म्हणून सगळे तिचीच बाजू घेणार. माझं नुकसानच झालं."

माणूस खडूस होता, पण बोलण्यात तथ्य होतं.

तंत्रज्ञ मशीनपाशी बडबडत होते.

"काय झालं?"

"काल कोणीतरी मशीन वापरलं आणि पुसलंसुद्धा नाही. टेंडन पकडायचे हे जबडे बघा, कसे बरबटलेत. आत सँडपेपर लावलेला नाही. तो नसला की टेंडन निसटतं, म्हणून मग पठ्ठ्याने जबडे इतके आवळले की मला पान्याने सोडवावे लागले. चेंदामेंदा झाला असेल त्याचा!"

"तुम्ही वापरलं नव्हतं?"

"मी दुपारीच घरी गेलो. आणि सँडपेपराशिवाय मी मशीनला हात लावेन?"

बाई फ्रीजरकडे परत आल्या. "सगळी पुडकी उघड," त्यांनी भाचीला सांगितलं.

"आता काय उपयोग आहे, आत्या?"

"उघड म्हणते ना!"

पुडकी मोजून बरोबर होती. भाची एकेक उलगडत गेली. प्रत्येक टेंडनच्या मधोमध जोडाची निळसर रेघ होती. शेवटच्या पुडक्यापाशी ती थांबली.

"हे माझं नाही. हे तर कापलेलंच नाहीये. सरावासाठी आणलेल्यातलं आहे."

म्हणजे काल मशीनवर तुटलं ते हिचंच टेंडन होतं, आणि मोजणी जुळावी म्हणून कोणीतरी त्याच्या जागी हे ठेवलं होतं. जोड तुटल्याचं लपवायची सगळ्यात जास्त गरज कोणाला होती? समोर उभ्या असलेल्या या पोरीला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातमोजे चढवून मशीनच्या खोलीतली जैविक कचऱ्याची पिशवी जमिनीवर उपडी केली. तळाशी टेंडनचा एक तुकडा सापडला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

समिती यायच्या आधी बाईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. मोठे सर घड्याळाकडे बघत होते.

"बाई, लवकर आटपा. बातमीपत्राचं काम नंतर करता येईल."

"बातमीपत्राचंच काम आहे, सर. गेल्या अंकात तुम्ही मला एक बातमी छापायला लावलीत. 'नव्या जेलचा जोड मूळ टेंडनपेक्षा मजबूत.' चाचणी व्हायच्या आधीच! मी नको म्हणत होते. अंक सगळ्या देणगीदारांकडे गेला, आणि मग तुम्हालाच धाकधूक वाटायला लागली. जोड टिकला नाही तर? म्हणून काल संध्याकाळी तुम्ही एक टेंडन काढलंत आणि गुपचूप मशीनला लावलंत."

"काहीतरीच काय!"

"ते तुटलं. त्याच्या जागी तुम्ही सरावाचं टेंडन ठेवलंत, म्हणजे मोजणी बरोबर यावी. मग प्लग काढलात, म्हणजे समितीसमोर चाचणीच होऊ नये. आणि आळ काकांवर घातलात."

"हे तुमची भाचीसुद्धा करू शकते," मोठे सर म्हणाले.

"मलाही तशी भीती वाटली होती. गुडघेबुवाला टेंडन तुटल्याचं कळलं असतं, तर त्याने फ्रीजरला हातही लावला नसता, उलट दुपारची वाट पाहिली असती. तंत्रज्ञ आणि भाची रोज हे मशीन चालवतात, ते सँडपेपराशिवाय जबडे आवळणार नाहीत. चौघांत इतक्या वर्षांत मशीनला हात न लावलेले एकटे तुम्ही. आणि हे बघा."

त्यांनी बशीतला तुकडा पुढे सरकवला. एक टोक चेचलेलं होतं, चिंध्या झालेलं. मधली निळसर रेघ मात्र जशीच्या तशी होती.

"जबड्याशी तुटलंय," भाची हळूच म्हणाली. "जोड शाबूत आहे. असं तुटलं तर ती चाचणी धरतच नाहीत, सर. हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकतो. मी केलं असतं तर मला ते लगेच कळलं असतं."

मोठे सर खुर्चीत बसले. 

"स्क्रीनवर आकडा फारच कमी आला," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, संपलं सगळं. केंद्राची लाज जाईल. मी... टेंडनकडे पाहिलंच नाही."

"मला एक फोन करायचा होतात! एक!" भाची ओरडली. त्यांच्यावर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ होती.

समिती आली तेव्हा मोठ्या सरांनी उभं राहून सगळं स्वतः सांगितलं. काकांची माफीही त्यांना तिथेच मागावी लागली. समितीच्या अध्यक्षबाईंनी चिमट्याने तो तुकडा ताणून पाहिला. एका तुकड्यावर निधी देता येत नाही, त्या म्हणाल्या. नवी टेंडनं तयार करा, आम्ही परत येऊ. भाचीची नेमणूक तोपर्यंत वाढवायची, हेही त्यांनी सरांकडून कबूल करून घेतलं.

सगळे गेल्यावर भाची बशी घेऊन तिथेच बसून राहिली.

"रडतेस काय वेडे? काम वाचलं ना तुझं?"

"पाच वर्षं, आत्या," ती म्हणाली. "माझा जोड काल पहिल्यांदा टिकला. आणि तेव्हा खोलीत जो एकच माणूस होता, तो आकडा बघत बसला."

बाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. मग दोघींनी मिळून तो तुकडा पुन्हा एकदा, नीट, पाहिला.