सव्वाअकराचा खडखडाट

देवधरांनी त्या अर्जावर सही केली असती, तर सर्वांत मोठा नफा हालदारबाबूंना झाला असता. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्या दुमजली घराचे ते मालक. वरच्या मजल्यावर प्रेमलताबाई आणि त्यांचा नातू विनायक अजून वीस वर्षांपूर्वीच्याच भाड्यात राहत होते. त्यांना घालवायला मालकांना एकच कागद हवा होता: खालच्या भाडेकरूची, म्हणजे देवधरांची, लेखी तक्रार. देवधरांच्या वाट्याला रात्रीची झोप येणार होती. त्यांच्या मुलांचा, लीना आणि गुरुदत्तचा, मात्र निव्वळ तोटा होता. मे महिन्याच्या सुट्टीत, साऱ्या गल्लीत मराठी बोलणारा आणि कॅरम खेळणारा विनायक एकटाच होता.

"रविवारी सकाळी मालक येताहेत. त्यांच्यासमोर सही करतो," बाबांनी शुक्रवारी रात्री जाहीर केलं.

वर सव्वाअकराला सुरू झालं होतं. घर्रर्र... धप्प. घर्रर्र... धप्प.

"एकदा वर जाऊन गोडीने विचारलं तर?" आई म्हणाली.

"काठीने दोनदा छत ठोकलं. त्याहून गोड काय बोलायचं?"

पलीकडच्या खोलीत गुरुदत्तने उशीखालून वही काढली. तो दहा वर्षांचा होता आणि हेरगिरीवर त्याचा फार विश्वास होता.

"ताई, आठवडाभर लिहून ठेवलंय. रोज सव्वाअकरा. फक्त गुरुवारी काहीच नाही."

"गुरुवारी बाबा बँकेच्या कामाला आसनसोलला होते."

"म्हणजे बाबांना चिडवायलाच करतात."

"चिडवायला कोणी स्वतःची झोप मोडतं का रे, शहाण्या? उद्या वर जाऊ."

सकाळी आईने हातात आंबेडाळीची वाटी दिली आणि बजावलं, "विचारायचं. भांडायचं नाही."

प्रेमलताबाईंचा जन्म कलकत्त्यातच झालेला. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. दार उघडताच त्यांचा चेहरा उतरला. बहुधा त्या काठीची वाटच पाहत होत्या.

"आजी," लीना म्हणाली, "रात्री उशिरा तुम्ही जड काहीतरी हलवता, असं वाटतं. आम्ही मदतीला येऊ का?"

प्रेमलताबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग मोरीचं दार ढकललं. आत एक पिंप होतं, खाली गोणपाट.

"पोतं घातलं तरी ऐकू जातं का गं? या नळाला अकरानंतरच पाणी येतं. ते भरायचं आणि ओढत स्वयंपाकघरात न्यायचं. मी म्हातारी, आणि हा एवढासा."

"पूर्वीपासून असंच?"

"पहिलं गच्चीवर टाकी होता ना," विनायक म्हणाला. त्याच्या मराठीत अर्धं बंगाल असे. "मालक दुरुस्तीला घेऊन गेला. आठ महिना झाला. तरी संध्याकाळी थोडं थोडं यायचं. मग तुमी आले, आणि बंद."

"विनू," आजींनी दटावलं.

"मग आजी, आम्हाला सांगितलं का नाही?"

"नवीन माणसं तुम्ही. पाणी द्या म्हणता येतं गं, पाणी कमी घ्या म्हणायला तोंड होत नाही."

जिन्यात भावंडं एकाच पायरीवर थांबली.

तीन वर्षं मनमाडला काढल्यापासून बाबांना रिकामं भांडं बघवत नसे. संध्याकाळी सहाला ते खालचे तिन्ही नळ उघडत आणि पिंपं, घंगाळ, कळश्या, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरत. कलकत्त्यात पाण्याला तोटा नाही म्हटल्यावर त्यात एक चैनही जमा झाली होती: कालचं सगळं पाणी शिळं म्हणून ओतायचं आणि पुन्हा पहिल्यापासून भरायचं. धार बारीक, म्हणून नळ बंद व्हायला अकरा वाजत.

"गुरुवारी कोणीच भरलं नव्हतं," गुरुदत्त हळूच म्हणाला. "ताई, चोर आपल्याच घरात आहे."

"चोर नको म्हणूस. बाबा म्हण. आणि नुसतं सांगून ते ऐकणार नाहीत. दाखवायला हवं."

शनिवारी संध्याकाळी लीना म्हणाली, "बाबा, आज पाणी आम्ही भरतो. तुम्ही रेडिओ ऐका."

बाबांना मुलांचा अभिमान वाटला. मुलांनी एक थेंबही ओतला नाही. स्वयंपाकाला लागलं तेवढंच भरलं, नळ घट्ट बंद केले आणि सगळ्यावर झाकणं ठेवली. आठ वाजता बाबांनी झाकण उचलून पाहिलं.

"वा, काठोकाठ. शिकलात."

गुरुदत्तला खोकला आला. वर घर्रर्र-धप्प साडेसातलाच उरकलं होतं, पण तेव्हा रेडिओवर बातम्या चालू होत्या.

सव्वाअकरा वाजले. बाबा अंथरुणात उठून बसले. साडेअकरा. वर चिडीचूप.

"बघितलंत?" बाबा म्हणाले. "अर्जाचं नुसतं नाव काढलं आणि सुतासारखे सरळ आले."

"बाबा," लीना दारातून म्हणाली, "मघाशी तुम्ही जे पाणी प्यायलात, ते कालचं होतं."

मग तिने सगळं सांगितलं. गुरुदत्तने वही पुढे केली. बाबांनी गुरुवारच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आणि मी छत ठोकत होतो."

"काठीने," आई म्हणाली. "दोनदा."

रविवारी हालदारबाबू स्वतःचं पेन घेऊनच आले. "देवधरबाबू, कागद तयार?"

"तयार. सह्याही झाल्यात."

हालदारबाबू वाचू लागले आणि त्यांचं हसू ओळीओळीने आटत गेलं. "हे तर टाकीबद्दल आहे. आवाजाचं काय झालं?"

"आवाज टाकी नसल्यामुळेच होता. आठ दिवसांत ती गच्चीवर हवी. नाहीतर हाच कागद महापालिकेत जाईल."

"आणि ही दुसरी सही?"

"माझी," प्रेमलताबाई जिन्यावरून म्हणाल्या. त्या खाली आल्या आणि लीनाच्या डोक्यावर हात ठेवला. "जन्मभर पोरींना उत्तरं काढायला शिकवली. प्रश्न इतका नीट विचारणारी मात्र काल भेटली."

"वही माझी होती," गुरुदत्त म्हणाला.

"हो रे बाबा. तुलाही पैकीच्या पैकी."

टाकी आठव्या दिवशी चढली. ती आणि तिची हमाली हालदारबाबूंना पडली, आणि वरचा मजला हातचा गेला तो वेगळाच. मुलांना कॅरमचा गडी राहिला, खर्च शून्य. बाबांना मात्र भुर्दंड बसला. टाकी येईपर्यंत रोज साडेसातला ते वर जात, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत बादल्या वाहत आणि कंबर धरून खाली येत. कोणी मागितलं नव्हतं. त्यांनीच स्वतःच्या नावावर घातलं होतं.