घरटी एक माणूस

बसा जवळ. आणि ते मोबाईल खिशात घाला, उगाच तोंडावर उजेड नको. खारघरच्या बेलपाड्याचा निकेश तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी पाहिलाय. हे सगळं त्याच्याच तोंडचं, माझं तिखटमीठ नाही.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रात्रीचे साडेअकरा. निकेश वडिलांच्या गोळ्या आणायला खाली उतरला होता. वडील काशीराम, उजवं अंग लुळं पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. उशाशी सून समीक्षा बसलेली. खारघरात आता औषधाचं दुकान रात्रभर उघडं, मेट्रो दारात, मॉल हाकेच्या अंतरावर. कशाला काही कमी नाही.

निकेश राहतो तो टॉवर उभा आहे तिथे काशीरामाचं भातशेत होतं. खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून गावाने मातीचा बांध घातलेला. उधाणाच्या रात्री बांध फुटला की हाळी फिरायची, घरटी एक माणूस! रांग करायची, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे, भगदाड बुजवायचं. ज्याच्या घरचं कोणी आलं नाही, त्याच्या दारात गाव वर्षभर पाय ठेवत नसे. मग शहर आलं. शेतं गेली, बांध रस्त्याखाली गेला, फ्लॅट आले, गाड्या आल्या. निकेशने हे सगळं बापाकडून इतक्यांदा ऐकलेलं की बिचारा कंटाळून गेला होता.

गोळ्या घेऊन तो बेसमेंटमधून लिफ्टकडे निघाला. पायाला गार लागलं. पाणी होतं. पाइप फुटला असेल, म्हणून त्याने वॉचमनला हाक मारली.

"बांद फुटला रं... घरटी एक मानूस..."

वॉचमनचा आवाज नव्हता तो.

दिवे गेले. तरी दिसत होतं. दोन गाड्यांच्या मधून माणसांची रांग. कमरेला लंगोट्या. हातातून हातात गोळे सरकत होते. तोंडं दिसत नव्हती. रांगेत एक जागा मोकळी होती. गोळा तिथवर आला आणि थांबला. सगळे निकेशकडे वळले.

"काशीरामाच्या घरचा कोन आयला?"

एक हात पुढे आला. त्यात गोळा. चिखल टपटप गळत होता... धरायला हवा होता त्याने. तो मागे सरकला. मेल्या भीतीनेच जीभ सुटली.

"बाबा... बाबा वर हाय. सातव्या माल्यावर."

"बरं," गोळा धरलेला तो म्हणाला.

दिवे आले. फरशी कोरडी. निकेश जिन्याने धावत सुटला.

दारातच समीक्षा रडत होती. "अवो, बाबांचे हात बघा!"

काशीराम डोळे मिटून पडले होते. दोन्ही हात चालू होते. उजवीकडून घ्यायचं, डावीकडे द्यायचं. तो लुळा हातसुद्धा. निकेशने मनगटं धरली. थांबेनात. अंगावर पडून दाबून धरले. थांबेनात. डॉक्टर आला, इंजेक्शन दिलं. थांबेनात.

"बाबा, सोर ना रं... मी जातो, मी जातो..."

तो पुन्हा खाली धावला. गाड्यांमध्ये उभा राहून ओरडला, "मी आयलोय! काशीरामाच्या घरचा मी आयलोय! बाबाला सोरा!"

कोणी नाही... नुसत्या गाड्या. वॉचमन खुर्चीवरून उठून बघत राहिला.

किती वेळा खाली गेला, किती वेळा वर आला, त्याचं त्याला आठवत नाही. शेवटी तो बापाच्या पायाशी बसून राहिला. बाप दमत होता आणि पोराला काही करता येत नव्हतं. एवढं साधं आहे बघा. धाप वाढत गेली. घेणं... देणं... घेणं... खिडकीत फटफटलं तेव्हा हात उशिरा उशिरा उठू लागले.

मग उठलेच नाहीत.

भावकी जमली. काशीरामाला आंघोळ घालायला घेतलं. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. भावकीतल्या बुधाजीने गरम पाणी सोडून एकेक बोट उलगडलं. आत खाडीचा काळा चिखल. सातव्या मजल्यावर, रात्री पोराने धरून पाहिलेल्या हातात.

चिखल हलला. एक निवटी, खाडीच्या चिखलातली मासोळी, सुळकन बाहेर पडली आणि पांढऱ्या फरशीवर उड्या मारू लागली.

जिवंत.