कुलपातल्या मुंग्या

"जोर लाव! आणखी!" मावशी म्हणाली.

"लावतोय की! आता किल्लीच मोडून हातात येईल!" शेजारचा पोरगा रेडिओ ओरडला. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसे, म्हणून तर त्याचं नाव रेडिओ! पण मावशीच्या सायकलचं कुलूप मात्र जाम म्हणजे जामच होतं.

सुट्टीत मावशीकडे आलेली, सगळं बारकाईने बघणारी भिंग दवाखान्याच्या पायरीवर उकिडवी बसून बघत होती. मावशी इथली नर्स. दुपारच्या फेरीला निघायचं, तर सायकल हवीच. भिंगचा धाकटा भाऊ शेपूट नेहमीसारखा तिच्या पाठीला चिकटून उभा होता.

"सकाळीच तेल घातलंय मी त्यात!" कंपाउंडरकाका खिडकीतून म्हणाले. चष्मा कपाळावर. "तेही सढळ हातानं!"

"ताई, मुंग्या बघ," शेपूट म्हणाला.

खरंच की! मुंग्यांची रांग चाकावरून थेट कुलपात शिरत होती. भिंगने किल्ली ओढून काढली. चिकट! तिने वास घेतला. गोडसर, आल्याचा.

"काका, हे तेल नाही! खोकल्याचं औषध आहे!"

काकांकडे रिकाम्या बाटलीला मरण नव्हतं. औषध संपलं की तीत मशीनचं तेल, शाई, काहीही भरायचं. चिठ्ठी चिकटवली तर चिकटवली.

"हात्तिच्या! कुलपाला खोकला झाला होता वाटतं!" रेडिओ खो खो हसला.

भिंगला हसू आलं नाही.

"मग तेलाची बाटली कुठे गेली, काका?"

काकांनी फळीवरून हात फिरवला. चष्मा डोळ्यांवर आला आणि चेहरा पांढराफटक पडला. "शिंपीणबाईंच्या नातीला दिली... पहिला चमचा चार वाजता द्या, असं मीच सांगितलं."

घड्याळात पावणेचार! मावशीने फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. शिलाई मशीनच्या खडखडाटात तिथे कुणाला ऐकू जाणार? आणि घर टेकडीपलीकडे, पायी अर्ध्या तासावर.

"मी निघालो!" रेडिओ पळत सुटलासुद्धा.

"थांबा, खरं तेल आणतो!" काका धडपडले.

"तेल नको!" भिंग ओरडली. "हा साखरेचा पाक आहे, पाण्यानेच सुटेल! मावशी, सुया उकळायचं गरम पाणी आण!"

मावशीने किटली आणली. भिंगने कुलपात धार धरली. तपकिरी पाणी गळू लागलं. किल्ली तसूभर फिरली आणि अडली. पुन्हा धार. बोटं भाजली, पण तिने किल्ली सोडली नाही.

"फिर ना ग बाई!"

खट्!

मावशीने टांग टाकली, भिंगने मागे उडी मारली. चढावर धापा टाकणारा रेडिओ मागे पडला. मग उतार! भिंगने डोळे गच्च मिटून घेतले.

दारातूनच तिने पाहिलं. चमचा भरलेला होता आणि मांडीवरची चिमुरडी ओठ घट्ट दाबून मान फिरवत होती.

"आ कर, शहाणी ना माझी!" शिंपीणबाई विनवत होत्या.

"नका देऊ!" दोघी एकदमच किंचाळल्या.

चमचा खाली पडला. कापडावर तेलाचा डाग पसरत गेला. शिंपीणबाईंनी सगळं ऐकलं आणि नातीला उराशी कवटाळून त्या ढसाढसा रडल्या.

"आज तुम्ही पोरं होतात, म्हणून!" मावशीने भिंगला जवळ ओढलं.

बऱ्याच वेळाने काका आले, घामाघूम. एका हाताशी शेपूट, दुसऱ्या हातात खरं औषध. मागून वाटेत पाय मुरगळलेला रेडिओ लंगडत येत होता, चक्क गप्प. काकांनी बाटली शिंपीणबाईंना दिली नाही. ती भिंगपुढे धरली.

"आधी तू बघ, बाळ," ते मान खाली घालून म्हणाले.

भिंगने चिठ्ठी वाचली, बूच काढून वास घेतला आणि मगच मान डोलावली.