ग्रुप गप्प होता ते दहा दिवस

आशाबाई आली, पण ऑफिसात शिरली नाही. चपला काढायच्या जागी, उंबऱ्याबाहेरच बसली. तिचा भाऊ गोरक्षनाथ हात धरून उठवू लागला तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला सुतक हाय. मी हितूनच बोलते."

अंबडच्या कोर्टासमोर, टायपिस्टांच्या डोक्यावरच्या मजल्यावर वर्षाराणी खरात यांचं ऑफिस होतं. चौदा वर्षं विम्याचे खोटे दावे पकडून झाल्यावर बाईंनी स्वतःचा तपासाचा धंदा थाटला होता. मदतीला आणि गाडी चालवायला हरिओम, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण डोक्याने सावकाश. तीस वर्षं ज्याने जे तिकीट मागितलं ते त्याने फाडून दिलं, का जाताय म्हणून कधी कुणाला विचारलं नाही. ती सवय काही सुटली नव्हती.

वर्षाराणी उठून बाहेर आल्या आणि आशाबाईसमोर जमिनीवरच बसल्या.

"कितवा दिवस?"

"चौथा."

"अहो मग बाहेर कशा पडलात?" हरिओमला राहवलं नाही. "लोक काय म्हणतील?"

"लोकं दारातच येत न्हाईत, दादा. म्हणणार कोण?"

मग तिने सांगितलं. तिचा नवरा म्हस्कू मेंढपाळ, तीर्थपुरीजवळच्या वाडीचा. शिवरात्रीला वाडीत मोबाइलवर एक ग्रुप सुरू झाला, 'धनवर्षा ग्लोबल'. सिंगापूरचे कोणी डॅनियल सर क्रिप्टोत पैसा लावणार आणि रोज दोन टक्के देणार. पहिल्या महिन्यात खरोखरच थोडे पैसे हातात आले. मग काय, चौतीस घरं आत शिरली. म्हस्कूने वीस मेंढ्या विकल्या. गणपती गेल्यावर लोक पैसे काढायला गेले, तर डॅनियल सर म्हणाले, आधी वीस टक्के कर भरा. लोकांनी ठाणं गाठलं. तिथे चौकशी झाली आणि डॅनियल सरांचा नंबर निघाला म्हस्कूच्या नावावर.

"वाडीनं आमची उरलेली मेंढरं वाटून नेली, ताई. एक कोकरू ठेवलं न्हाई. हे दोन दिस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडले." तिचा आवाज कुठेही अडखळला नाही, रडून संपलेल्या माणसाचा असतो तसा कोरडा होता. "आन् त्याच दिवसापासून ग्रुप गप्प. लोकं म्हणत्यात, बघा, चोर मेला आन् ग्रुप बी मेला."

"सिमकार्ड कुठून घेतलं होतं?"

"सोमेश्वरच्या दुकानातून. पुतण्याच हाय आमचा. दोनदा अंगठा लावून घेतला त्यानं. पहिला उठला न्हाई म्हणला."

"तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?"

"पैसा नको. मौतीला कोणी आलं न्हाई. तेराव्याला तरी गावानं यावं, त्यांच्या नावानं घास घ्यावा. माझ्या दोन पोरींला त्याच गावात ऱ्हायचंय."

"आणि नवराच चोर निघाला तर?"

"मंग तसं सांगा. मी पोरींला घेऊन गाव सोडते."

वर्षाराणींनी म्हस्कूचा मोबाइल मागून घेतला. "काका, रोज सकाळी नऊला डॅनियलचा मेसेज आहे, भाव आणि नफ्याचा. ज्या दिवशी मेसेज नाही, ती तारीख लिहून काढा."

हरिओमने चष्मा लावला. तासाभरात कागद तयार झाला. २९ मार्च, २७ एप्रिल, २५ जून... महिन्याकाठी असा एखादा दिवस कोरा. आणि २६ जुलै ते ४ ऑगस्ट, सलग दहा दिवस काही नाही. त्यानंतर एक ओळ होती: 'सर्व्हर दुरुस्तीमुळे काम बंद होते.'

"सुट्टी घेत असेल साहेब," हरिओम म्हणाला.

"एक शनिवार, एक रविवार, एक बुधवार? आणि क्रिप्टोचा बाजार रात्रंदिवस उघडा असतो, काका. त्याला रविवार नसतो." त्या मोबाइल चाळत होत्या. "हे बघा. मेंढ्या विकल्या त्याच दुपारी डॅनियलचा मेसेज: 'म्हस्कूभाऊ, हातात पैसा आला आहे, संधी सोडू नका.' आशाबाई, सौद्याच्या वेळी कोण कोण होतं?"

"सोमेश्वर, आन् वाडीतलेच रामकिसन, अण्णासाहेब. बाकी कोणाला सांगितलंच नव्हतं."

"सिंगापूरचे कान फार लांब आहेत," वर्षाराणी म्हणाल्या आणि गाडीची किल्ली हरिओमकडे फेकली.

वाटेत घनसावंगी मागे पडलं तेव्हा हरिओमने विचारलं, "असली भानगड ओळखायची कशी, मॅडम?"

"नफा एकही दिवस घटत नाही, तिथेच थांबायचं. खरा बाजार पडतोही. ग्रुपमध्ये एकटा साहेब बोलतो, बाकीच्यांना तोंडच नाही. अ‍ॅप कुणीतरी लिंक पाठवून दिलेलं. पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर. आणि आपलेच पैसे काढायला आधी पैसे भरा. यातलं एक जरी दिसलं तरी पायाला पाय लावून पळायचं."

दोन किलोमीटर गेल्यावर हरिओम म्हणाला, "माझे आठ हजार हायेत अशाच एका ग्रुपात."

"माहीत आहे. पैसा वाढतोय म्हणून तुम्ही हल्ली चहाचे पैसे देताना हसता. काढायला गेलात?"

"कर मागून राह्यले."

"मग गेले ते. कर भरू नका आणि घरी जाऊन वहिनींना सांगून टाका."

हरिओमला गाडी थांबवून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

तीर्थपुरीच्या स्टँडवर सोमेश्वरचं मोबाइलचं दुकान उघडं होतं. गल्ल्यावर अगरबत्ती जळत होती, पोराच्या कपाळाला ताजं गंध होतं. वर्षाराणींनी चार्जरची वायर घेतली, पाचशेची नोट दिली. त्याने न बघता उरलेले पैसे मोजून हातात ठेवले.

"काकाचं ऐकून वाईट वाटलं," त्या म्हणाल्या.

"काय करता मंग. लोभ वाईट." त्याची नजर वायरच्या खोक्यावर होती. "सिम त्यांनीच घेतलं, रजिस्टरला अंगठा हाय. जुलैत ग्रुप बंद पडला तवा रोज हितं येऊन बसायचे. 'का बंद हाय रे, का बंद हाय रे' करून डोकं खाल्लं नुसतं."

वाडीत रामकिसन आपल्या ओट्यावर बसून सोयाबीन काढणाऱ्या बायकांना मजुरी वाटत होता. नोटा एकेकीच्या हातात ठेवता ठेवताच तो तावातावाने बोलला. "त्याची सात मेंढरं मी आणली. हो, आणली! पोरीच्या लग्नाचं सोनं गेलंय माझं. चोराची दया कशाला करू?"

"म्हस्कूला इंग्रजी यायचं?"

"त्याला मराठी तरी कुठं धड यायचं," रामकिसन म्हणाला आणि हातातली नोट तशीच धरून राहिला.

अण्णासाहेबांचा बंगला वाडीच्या टोकाला होता. शिवरात्रीची ती पहिली बैठक त्यांच्याच अंगणात झाली होती. पितरांचं जेवण नुकतंच उरकलं होतं. त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी पाहुण्यांपुढे खिरीच्या वाट्या ठेवल्या. "घ्या बाई. औंदा सणावाराला गोडधोड झालंच न्हाई. नागपंचमीला ना मेंदी, ना झोका, वारुळाला सुद्धा गेले न्हाई मी. आमचे चुलत सासरे गेले ना परतूरला."

"अगं, त्यांना काय करायचंय ते," अण्णासाहेब म्हणाले. मग हरिओमकडे वळले. "माझे बारा लाख बुडाले साहेब. पण मी म्हस्कूला शिव्या देत न्हाई. मेलेल्या माणसाशी काय वैर? त्याच्या बायकोला पाच हजार द्यायचं मी ठरवलंय."

"द्या की. मी आत्ताच पोचवते," वर्षाराणींनी हात पुढे केला.

"आज न्हाई. आज अमावस्या, घरातून पैसा बाहेर काढत न्हाई आपण. उद्या माणूस पाठवतो."

गाडीत बसल्यावर हरिओम म्हणाला, "अण्णासाहेब तेवढा माणुसकीचा वाटला."

वर्षाराणींनी हरिओमचा तो कागद पुन्हा उघडला आणि गाडीतल्या देवाच्या कॅलेंडरशी लावून बघत बसल्या.

बाराव्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर सगळी वाडी जमली. पैशांचा पत्ता लागलाय, एवढंच लोकांना कळवलं होतं. ठाण्याचे फौजदार आले होते. आशाबाई दोन्ही पोरींना घेऊन लांब, कडुनिंबाखाली उभी होती.

"म्हस्कू मेला आणि ग्रुप थांबला, म्हणून तो चोर," वर्षाराणींनी सुरुवात केली. "हाच तुमचा पुरावा ना? मग जुलैत तो चांगला जिवंत असताना ग्रुप दहा दिवस का थांबला? तेव्हा तो रोज सोमेश्वरच्या दुकानात जाऊन विचारत होता, ग्रुप का बंद आहे. स्वतःच बंद करणारा माणूस असं विचारत हिंडतो?"

दोघेतिघे सोमेश्वरकडे वळून बघू लागले.

"डॅनियल इथलाच आहे. मेंढ्या विकल्याचं त्याला दोन तासांत कळलं. ते तिघांनाच माहीत होतं. आता हा कागद बघा. सात महिने रोज मेसेज, पण महिन्यातून एक दिवस नाही. तो दिवस दर वेळी अमावस्येचा आहे. सिंगापूरची कंपनी अमावस्या पाळते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं."

एकदोन जण हसले, पण हसू लगेच विरलं.

"सोमेश्वरने मला अमावस्येला उरलेले पैसे परत दिले. रामकिसनने त्याच दिवशी मजुरी वाटली. घरातून पैसा काढायला नकार दिला तो एकट्या अण्णासाहेबांनी."

"अमावस्या निम्मी दुनिया पाळते!" अण्णासाहेब ओरडले.

"बरोबर. म्हणूनच मी दहा दिवसांकडे आले. नागपंचमी त्या दहा दिवसांतच होती. दहा दिवस माणूस लक्ष्मीचं काम कधी बंद ठेवतो? सुतकात. मी दुकानात गेले तेव्हा सोमेश्वरला तर सख्ख्या काकाचं सुतक होतं, तरी दुकान उघडं, गल्ल्यावर अगरबत्ती, कपाळाला गंध. तो सुतक मानणारा नाही. रामकिसनच्या घरी त्या वेळी काही झालेलं नव्हतं. पण परतूरला अण्णासाहेबांचे चुलते पंचवीस जुलैला वारले. मी तिथे जाऊन नोंद बघून आले."

गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. आपण खिरीबरोबर काय वाढलं, ते त्यांना आत्ता समजलं.

"आणि सिम?" रामकिसनने विचारलं.

"म्हस्कूकडून दोनदा अंगठा लावून घेतला. एका अंगठ्यावर त्याचं सिम निघालं, दुसऱ्यावर आणखी एक. सोमेश्वर, काल फौजदार साहेबांना सांगितलंस ते इथे सांग."

सोमेश्वरने मान वर केली नाही. "पाच हजाराला इकलं. अण्णासाहेबाला. काय करणार ते मला ठाऊक नव्हतं. मंग कळलं, तवा भ्यालो."

फौजदारांनी पिशवीतून ते सिम असलेला मोबाइल काढला. सकाळीच बंगल्याच्या देव्हाऱ्यामागे सापडला होता. मोबाइलच्या पाठीवर पूजेच्या हळदकुंकवाची बोटं होती.

अण्णासाहेब खाली बसले. "मला बी वरच्यांनी सांगितलं तसं मी केलं. पैसा पुढं गेला. माझ्याकडं काही न्हाई. म्हस्कू मरंल असं वाटलं नव्हतं मला, देवाशपथ."

"तो मेल्यावर ग्रुप बंद करायचं मात्र बरोबर सुचलं," वर्षाराणी म्हणाल्या. "चोर कोण ते गावानेच ठरवून दिलं होतं. तुम्हाला फक्त गप्प बसायचं होतं. चुलत्यासाठी दहा दिवस हात आखडले तुम्ही. चौतीस घरं लुटताना एकदाही आखडले नाहीत."

हरिओमला संताप आला. या माणसाला आपण माणुसकीचा म्हणालो होतो, हे त्याला गिळवेना. फौजदारांनी अण्णासाहेबांना गाडीत बसवलं. त्यांच्या वरचे कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पैसा परत येणार नाही हे लोकांना समजायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तेरावा होता. वर्षाराणी आणि हरिओम गेले तेव्हा म्हस्कूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी वाडी आली होती. पंगत बसली. गोरक्षनाथ पत्रावळ्या मांडत होता, पोरी पाणी देत होत्या, आशाबाई वाढत होती.

ती रामकिसनपुढे आली तसे त्याने हात जोडले. "वहिनी, चुकलं आमचं. अंत्ययात्रेला तरी यायला पाहिजे होतं."

आशाबाईने त्याच्या पानात भात वाढला. मग सरळ उभी राहून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलली, "खांदा द्यायला चार जण लागत्यात. मी होते, माझा भाऊ गोरख होता, आन् ह्या दोन पोरी होत्या. धाकटी बारा वर्षांची हाय. तिचा खांदा पुरंना म्हणून तिच्या बाजूला तिरडी कलली, तर सारखी म्हणायची, आबा पडतील. नदीपत्तर आम्ही सतरा ठिकाणी तिरडी खाली टेकवली. तुमच्या सगळ्यांच्या दारावरनं नेली. तुमची दारं लावलेली होती." तिने पातेलं दुसऱ्या हातात घेतलं. "आता जेवा."

ती पुढच्या पानाकडे वळली. मान खाली घालून वाडी जेवली. दुसऱ्यांदा कुणी काही मागितलं नाही.